चौथी खूण

मंगळवारी सकाळी नाना बैसाणे माझ्या घरी आले. त्यांनी भिंतीवर पेन्सिलनं चार खुणा केल्या आणि तीन भोकं पाडली. चौथ्या खुणेवर त्यांनी बोटानं वाजवलं, कान लावला, ड्रिल मशीन खाली ठेवलं आणि ते खुर्चीत बसले. मी पाणी आणायला आत गेले. पाणी घेऊन आले तेव्हा नाना गेले होते.

नाना भिंतीत भोकं पाडायचे. त्यांचा व्यवसाय असा सांगितला की लोक हसतात, पण त्यांनी स्वतः तो कधी वेगळ्या शब्दांत सांगितला नाही. पडद्याचे रॉड, फळ्या, टीव्हीचा स्टँड, गिझर, देव्हारा, पाटी, जे काही भिंतीवर टांगायचं असेल त्यासाठी जळगावातल्या आमच्या भागात नानांना बोलावणं जाई. मूळचे शिंदखेड्याकडचे. तरुणपण धुळ्यात गेलं, मग जळगावला आले ते इथलेच झाले. बोली मात्र त्यांनी बदलली नाही.

आमची पहिली भेट मला नीट आठवते, कारण त्या दिवशी मी घाबरले होते. कॉलेजच्या ग्रंथालयातून मी नुकतीच निवृत्त झाले होते आणि दुसऱ्या मजल्यावरच्या या घरात एकटी राहायला आले होते. मे महिना होता. नाना आतल्या खोलीत पडद्याचे रॉड लावायला गेले आणि मी बाहेर पुस्तकांची खोकी उघडत बसले. आतून तीनदा टकटक ऐकू आली. मग, दारात उभं राहून विचारावं तशा आवाजात, नानांनी कुणाला तरी विचारलं,

"आठे कोनी शे का?"

खोलीत त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. त्यांना काही हवं असेल असं वाटून मी म्हणाले, "मी आहे."

"तुम्हाले नही, ताई," आतून उत्तर आलं. "भितले इचारी राहिनू."

मी दारात जाऊन पाहिलं. साठी ओलांडलेला, काटकुळा, पांढरी टोपी घातलेला माणूस शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभा होता. उजवा कान भिंतीला लावलेला, डोळे मिटलेले. बराच वेळ तो तसाच राहिला. शेवटी "कोनी नही," असं हळूच म्हणाला आणि मग मशीन सुरू केलं.

पुढं कळलं की नाना प्रत्येक भोकाआधी हे करत. दिवसात वीस भोकं असली तर वीसदा. वाकवलेल्या मधल्या बोटानं तीनदा टकटक, तोच प्रश्न, आणि मग वाट पाहणं. काही घरांतल्या बायका तोंडाला पदर लावून हसत. काहींना ते आवडत नसे. एकीनं तर त्यांना सांगितलं होतं, "नाना, घर नवीन आहे, असं काही विचारू नका." त्यावर नाना म्हणाले होते, "नवा घरलेच इचारना पडस. जुनं घर सोताच सांगस."

ते भुताखेतांवर विश्वास ठेवत असतील असा माझा समज झाला होता. तो त्यांनीच खोडून काढला. "आमना घरमा बुद्धवंदना व्हस, ताई. भूतबित आम्ही मानतस नही." मग म्हणाले, "भूत ऱ्हातं तं सोपं व्हतं. भूतले भोक पडत नही."

या वाक्याचा अर्थ मला वर्षभरानं कळला. एका दुपारी चहा घेताना त्यांनी धुळ्याची गोष्ट सांगितली. तेव्हा ते तिशीत होते. एका घरात लोखंडी मांडणी बसवायची होती. दोन घरांमधली भिंत चार इंची होती, विटा आडव्या न लावता उभ्या लावलेल्या. नानांनी आधी छिन्नी-हातोड्यानं खुणेची जागा फोडली. प्रत्येक घावानंतर पलीकडून टक असा आवाज येई. त्यांना वाटलं, आपल्याच घावाचा पडसाद आहे. रिकाम्या खोलीत असा आवाज येतो. त्यांनी मशीन लावलं. मशीनच्या बिटाचं टोक पलीकडे निघालं तेव्हा त्यांना हाताला कळलं, कारण भिंतीनं धरून ठेवणं अचानक सोडून दिलं. मशीन थांबवलं. तरीही टकटक चालूच होती.

ते शेजारच्या घरात गेले. भिंतीला टेकवून एका म्हाताऱ्या माणसाला खाटेवर बसवलेलं होतं. अर्धांगवायू झालेला. बोलता येत नव्हतं, एक हात हलत होता. त्या हातातल्या अंगठीनं तो भिंतीवर वाजवत होता. भोक त्याच्या कानापासून चार बोटांवर पडलं होतं आणि पांढऱ्या सदऱ्याच्या खांद्यावर विटेचा लाल भुगा सांडला होता.

"मन्हाकडे त्यानी देखं," नाना म्हणाले, "आनि वाजाडानं थांबाडं. तो मले तवढ्या वखत सांगी राहिंता का मी आठे शे, मी आठे शे. मी आयकं बी, ताई. आयकं, पन मले वाटनं मन्हाच आवाज शे."

तेव्हापासून ते विचारत. ज्याला बोलता येत नाही त्यालाही उत्तर देता यावं एवढा वेळ थांबत. "भोक मांगे लेता येत नही," हे त्यांचं वाक्य मी पहिल्यांदा त्या दिवशी ऐकलं.

नानांचं जुनं मशीन वायरचं होतं. तीस वर्षं वापरलेलं, लोखंडी अंगाचं, सुरू झालं की तीन घरांपलीकडे कळे. एका उन्हाळ्यात त्यांनी बिनवायरचं, बॅटरीवर चालणारं मशीन घ्यायचं ठरवलं. कारणं त्यांनी मला दोन सांगितली. एक, आमच्याकडे दुपारी वीज जाते. दुसरं, शिडीवरून उतरताना वायर दोनदा पायात आली होती. तिसरं कारण त्यांनी तेव्हा सांगितलं नाही. "तुम्ही संगे चाला," ते म्हणाले. "पुस्तक इंग्रजीमा ऱ्हास. तुम्ही वाची दाखाडा, मी हातमा धरी देखस."

जळगावात लोक मशीन घ्यायला जाताना नानांना बरोबर नेत. घरातला एखादा खिळा-फळीवाला असो की नवा सुतार, सगळ्यांना ते एकच सांगत: "घरले बारा, धंदाले अठरा." म्हणजे बारा व्होल्टचं हलकं मशीन घरापुरतं पुष्कळ, आणि रोज काँक्रीटशी झुंजायचं असेल तर अठराचं, फिरताना ठोकेही देणारं, हॅमर असलेलं. लोक त्याहून मोठे आकडे शोधत. त्यांच्यासाठी नानांचं वाक्य ठरलेलं होतं: "आकडा देखीसन मशीन लेनारा आनि पत्रिका देखीसन लगीन करनारा, दोन्ही नंतर मन्हाकडेच येतस."

बाजारातल्या त्या दुकानाच्या शेठनं नानांना पाहताच काउंटरवर चार खोकी मांडली. "या नाना! इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी मशीनं निवडली, आज तुमचाच साखरपुडा. हे बघा, एकवीस व्होल्ट. अख्खी बिल्डिंग आरपार!"

"बिल्डिंगले आरपार करीसन ऱ्हावानं कोठे, शेठ?" नाना म्हणाले. "पहिले सांगा, हाई बॅटरी तीन वरीसनंतर भेटी का?"

"नाना, मशीन बघा ना आधी."

"मशीन कोन लेस? बॅटरी ल्या, मशीन तिन्हासंगे येस. बॅटरी मरनी आनि दुसरी भेटनी नही तं मशीन म्हंजे मुसळ. आठे जळगावमा दुरुस्त व्हस का?"

एका मशीनच्या बाबतीत शेठ जरा गुळमुळीत बोलले. नानांनी ते न उघडताच बाजूला केलं. दुसऱ्याच्या चकमध्ये, म्हणजे बिट धरणाऱ्या तोंडात, त्यांनी लांब बिट अडकवलं आणि हळू फिरवलं. टोक जागेवर उभं दिसायला हवं. त्याचं टोक हवेत बारीक वर्तुळ काढत होतं. "चक वाकडा शे," म्हणून तेही गेलं. तिसरं हातात घेऊन त्यांनी हात डोक्यावर धरला आणि तसाच ठेवून मनात शंभरपर्यंत मोजलं, कारण छताला भोक पाडताना तेवढा वेळ हात वर ठेवावा लागतो. मशीन चालवून झाल्यावर त्याच्या जाळीपाशी नाक नेऊन वास घेतला. मी पुस्तिका वाचून सांगत होते: यात कार्बन ब्रश नाहीत, ते झिजून बदलावे लागणार नाहीत, ही कडी फिरवली की स्क्रू लाकडात जास्त आत जात नाही. नाना माझ्या तोंडाकडे पाहत ऐकत होते. माझ्या प्रत्येक शब्दाकडे इतक्या लक्षपूर्वक पाहणारा श्रोता मला ग्रंथालयातही मिळाला नव्हता. त्याचा मला जरा अभिमानच वाटला.

मग त्यांनी चौथं मशीन घेतलं आणि दुकानात चाचणीसाठी ठेवलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्याला लावलं. ते सुरू होताच माझे दात शिवशिवले. आतलं बेअरिंग बिघडलेलं असावं. पत्र्यावर खिळा ओढावा तसा चिरका आवाज दुकानभर भरला. बाहेरून जाणारी एक बाई थांबून आत पाहू लागली. नानांनी चालू मशीन कानाजवळ नेलं. डोळे मिटले. त्यांचा चेहरा हळूहळू निवांत झाला.

"हाई मुकं शे," ते म्हणाले. "चांगलं शे. हाई द्या."

शेठ खदखदून हसले. "नाना, काय राव! टोमणा मारावा तर तुम्हीच."

नानांनी डोळे उघडले. शेठ हसताना त्यांना दिसले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या एका क्षणात मला सगळं समजलं, आणि मला समजलं हे त्यांनाही समजलं. ते माझ्या तोंडाकडे का पाहत होते तेही.

मी त्यांच्या समोर उभी राहून सावकाश म्हणाले, "नाना, दुसरं बघू या. याचंही टोक हलतंय."

टोक हलत नव्हतं. नानांनी ते निरखून पाहिलं. "हां," ते म्हणाले, "हालस खरं."

शेवटी तिसरं घेतलं. अठराचं, हॅमर असलेलं, दोन बॅटऱ्यांचं. त्यांनी ते धरून चालवलं, मी ऐकलं आणि त्यांच्या कोपराला हात लावला. आमच्यात ही खूण तिथं, त्या काउंटरपाशी, न ठरवता ठरली.

परत येताना आम्ही रसवंतीच्या बाकावर बसलो. मी विचारलं, "कधीपासून, नाना?"

"दोन वरीस व्हयनात. पहिले भितना आवाज गया. मग पाखरंस्ना. आते मानूस समोर ऱ्हायना तं समजस." त्यांनी खोक्यावर हात ठेवला. "मले वाटनं, जुनं मशीन वरडस म्हनीसन कान दबेल शेतस. मुकं मशीन लिधं का भित परत आयकू ई."

हे तिसरं कारण होतं. मी कानाच्या डॉक्टरांचं नाव काढलं. त्यांनी मान हलवली. "कानमा यंत्र घालं का गिऱ्हाईक पहिले कानकडे देखी, मग हातकडे. भितले इचारनारा भैरा व्हयना, आसं लोकस्ले समजनं तं मले कोन बलाई? अक्काले बी सांगू नका." अक्का म्हणजे त्यांच्या पत्नी.

"मग भिंतीचं उत्तर कोण ऐकणार?" मी विचारलं.

नानांनी रसाचा भरलेला ग्लास न पिताच बाकावर ठेवला. भिंतीपलीकडचं माणूस पुन्हा वाजवेल आणि आपल्याला कळणार नाही, ही भीती मला त्या ग्लासात दिसली. मी म्हणाले, "मी येत जाईन."

त्यानंतर दोन वर्षं मी नानांबरोबर जात होते. निवृत्त बाईला वेळ असतो. मी पुस्तक घेऊन खुर्चीत बसायची. नाना टकटक करायचे, विचारायचे, कान लावायचे. मीही उठून बाजूला कान लावायची. काही नसलं की त्यांच्या कोपराला हात. लोकांना हे विचित्र वाटे. एका घरमालकानं विचारलंच, "नाना, या बाई कोण? सुपरवायझर नेमली का?"

"ह्या मन्हा चष्मा शेतस," नाना म्हणाले. "बारीक खुना आते दिसत नहीत." सगळे हसले. मीही हसले. डोळ्यांचं कारण कुणालाही पटतं.

आयुष्यभर मी पुस्तकं वाचली, पण भिंती मी त्या दोन वर्षांत ऐकल्या. आमच्याकडच्या उन्हाळ्यात, दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रंही नसतं. पंखे बंद, वीज गेलेली. अशा वेळी भिंतीला कान लावला की घर आतून बोलत असतं. पाइपातून पाणी उतरतं. तापलेलं काँक्रीट मधूनच टिक करतं. कुठल्या तरी मजल्यावर कुणी पाट सरकवतं. एकदा एका घरात पलीकडून कुणीतरी रडत असल्याचं ऐकू आलं. आम्ही भोक दुसऱ्या बाजूला घेतलं. घरमालकाला मी काही सांगितलं नाही.

एक प्रसंग मी अजून विसरू शकले नाही. नवी इमारत होती, लोक राहायला यायचे होते. आम्ही आणि घरमालक, तिघंच. नानांनी टकटक केली. मी कान लावला. पलीकडून टकटक आली. तीनदा. मी कोपराला हात लावला नाही. नाना माझ्याकडे पाहत राहिले. पलीकडे जिना होता. घरमालक जाऊन पाहून आले, कुणी नव्हतं. नानांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तीन. या वेळी मी स्वतः गेले. जिन्यात सिमेंटची रिकामी पोती होती आणि भिंतीवर ऊन होतं. मी तिथं उभी असताना नानांनी आतून टकटक केली, ती मला स्पष्ट ऐकू आली. माझ्या बाजूनं कुणी उत्तर दिलं नाही. मी परत आत आले आणि कान लावला. पुन्हा तीन.

नानांनी बिट काढून खिशात टाकलं. "आठे नही व्हनार, भाऊ. दुसरी जागा सांगा."

"नाना, तुम्ही भुताला घाबरता?" घरमालक हसत म्हणाले, पण जिन्याकडे पाहत.

"भुतले नही. भोकले घाबरस. ते मांगे लेता येत नही."

घरी येताना मी त्यांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं, काय असेल? ते म्हणाले, "तुम्ही आयकं. मी तं नही आयकं. मन्हा कामले तवढं पुरस." त्यांनी माझ्या कानांवर कधी शंका घेतली नाही. शेवटच्या दिवसापर्यंत.

त्या मंगळवारी काम माझ्याच घरचं होतं. पुस्तकांसाठी एक लांब फळी लावायची होती. दोन ब्रॅकेट, प्रत्येकाला दोन भोकं. भिंत पश्चिमेची, बाहेरची. तिच्यापलीकडे दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर नुसती हवा आहे आणि खाली कडुनिंब. मी म्हणाले, "नाना, इथं विचारायची गरज नाही. पलीकडे कोण असणार?"

"इचारना पडस," ते म्हणाले. "सवय मोडनी का हात मोडस."

पहिल्या तीन खुणांवर टकटक, प्रश्न, माझा हात, भोक. प्रत्येक भोकात स्क्रू धरणारी प्लास्टिकची गिट्टी बसली. नाना थोडे घामेजले होते, पण एप्रिलमध्ये इथं कोण घामेजत नाही. चौथ्या खुणेवर त्यांनी वाजवलं.

"आठे कोनी शे का?"

त्यांनी कान लावला. मीही लावला. काही नव्हतं. मी त्यांच्या कोपराला हात लावला. ते हलले नाहीत. मी पुन्हा लावला. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षांत मी त्यांच्या चेहऱ्यावर असं नवल पाहिलं नव्हतं.

"जवाब उना," ते म्हणाले.

"नाही, नाना. मला काहीच ऐकू आलं नाही."

"आयका बरं. नीट आयका."

मी भिंतीला गाल टेकून श्वास रोखला. भिंत गप्प होती. "नाही, नाना."

"आज तुमनं चुकनं, ताई." ते हसले. इतकी वर्षं बंद असलेलं दार कुणीतरी उघडावं तसे. "मले आयकू येस. मले! कोनी तरी वाजाडी राहिनं. थांबी थांबी वाजस. दोन वाजतस, मग थांबस. मग परत एक." त्यांनी पुन्हा कान लावला आणि भिंतीतल्या त्या कुणाला तरी हळू आवाजात सांगितलं, "आयकं रे, आयकं. भोक नही पाडत."

मशीन त्यांनी खाली ठेवलं, खुर्चीत बसले, पाणी मागितलं. पुढचं मी सुरुवातीला लिहिलं आहे.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. आठवड्यानं मी पुन्हा त्यांच्याकडे गेले आणि भिंतीची गोष्ट सांगितली. ते म्हणाले की कानावर काही दाबून धरलं की माणसाला कधी कधी स्वतःचीच नाडी ऐकू येते, आणि काही प्रकारच्या बहिरेपणात तर ती अधिकच मोठी. नाडी चुकत असेल तर चुकलेलीही ऐकू येईल. "असू शकेल," ते म्हणाले. "खात्रीनं कोण सांगणार?"

म्हणजे कदाचित नाना स्वतःलाच ऐकत होते. दोन ठोके, मग थांबणं, मग एक. आपलाच आवाज त्यांनी या वेळी दुसऱ्याचा समजला, किंवा धुळ्यात दुसऱ्याचा आवाज आपला समजला होता त्याची फेड झाली. मला ठरवता येत नाही. एवढंच कळतं की मी त्यांचं गुपित राखलं. ते न राखता त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे ओढत नेलं असतं तर कुणी तरी त्यांची नाडीही पाहिली असती.

नानांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर अक्का माझ्याकडे आल्या. मी मशीन खोक्यात घालून ठेवलं होतं. मी त्यांना सगळं सांगितलं, कानाचंही. अक्कांनी माझा हात धरला.

"मले बठ्ठं माहीत व्हतं, ताई. त्यास्नी मले सांगं नही, मी बी दाखाडं नही. इतला वरीस मी हाक मारी नही. पाय आपटू. जमीन हालनी का मांगे वळी देखेत." मग त्या म्हणाल्या, "तुम्ही संगे जायेत ते काबर, हाई बी माहीत व्हतं. मशीन तुम्हीच ठेवा."

जाताना त्या भिंतीपाशी थांबल्या. चौथ्या खुणेवर त्यांनी तळहात ठेवला, बराच वेळ. मग काढून घेतला.

"गरम शे," त्या म्हणाल्या.

सकाळचे नऊ वाजले होते. पश्चिमेच्या भिंतीवर ऊन दुपारनंतर येतं. अक्का गेल्यावर मी खुणेला हात लावून पाहिला. मग कान लावला. एक ठोका ऐकू आला, मग दुसरा, मग तिसरा, एकसारखे. ते माझे असावेत.

बॅटरी पडून राहिली की मरते, असं नाना सांगत, म्हणून महिन्यातून एकदा मी दोन्ही चार्ज करते. मशीन चांगलं चालतं. भिंतीत तीन भोकं आहेत, तिन्हींत गिट्ट्या आहेत. चौथ्या जागी पेन्सिलची खूण आहे. फळी जमिनीवर, भिंतीला टेकून उभी आहे.